सॉफ्टवेअरला पत्ताच नाही

माणसापेक्षा सॉफ्टवेअरला जास्त जपलंत, साहेब!

तुमच्या चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या ब्रेकची सर्किटं तपासणाऱ्या मशीनमधलं जुनं स्विच कार्ड सुरेंद्रने बदललं. सॉफ्टवेअरला हात लावायचा नाही, अशी तुमची ताकीद होती, म्हणून त्याने नव्या कार्डाला जुन्याच्याच नावाने ओ द्यायला शिकवलं. “मानलं राव, सॉफ्टवेअरला पत्ताच नाही!” म्हणत तुम्ही त्याची पाठ थोपटलीत, आणि महिनाअखेरीला त्यालाच घरी बसवलंत.

काल त्याला लाईनवरच्या दोस्ताचा फोन आला. “भावा, तुझ्या जागी घेतलेला माणूस तुझ्याच नावाने लॉगिन करतोय. पास झालेल्या प्रत्येक सर्किटवर अजून तुझंच नाव छापलं जातंय.”



उद्या कुणाचा ब्रेक लागला नाही, तर पोलीस रहाटणीत सुरेंद्रच्या घराचं दार वाजवणार की तुमचं? बोला, साहेब!