मास्तरांचा चमचा

सूप गार होत चाललं होतं. पण घरातल्या थोरल्यानं चमचा उचलल्याशिवाय कुणी जेवायचं नाही, आणि कोरियन शिकवून निवृत्त झालेले क्वाक मास्तर चमचा सोडून व्हिएतनामी सुनेचं वाक्य धरून बसले होते.

“कर्त्याचा प्रत्यय वेगळा, विषयाचा वेगळा. किती डोकं फोडू, हुएन? सासूकडे बघ. तीही खेडवळच होती. आज काढून दाखव तिची एक चूक.”

सासू मुकाट्यानं सूप परत गरम करायला उठली. हुएन तिच्यामागून स्वयंपाकघरात गेली.

“आई, तुम्ही कसं शिकलात?”

“शिकतेय कशाला? लग्नाच्या वर्षीच त्यांच्यापुढे बोलायचं सोडलं,” सासू पुटपुटली. “त्या शहाण्याला वाटतं, मी सुधारले.”