दातांत धरलेला पेचकस

बॉनेट उघडं होतं, इंजिन चालू होतं आणि सिराजोद्दीनला काहीच ऐकू येत नव्हतं. पळणारा बेल्ट दिसत होता, गरगरणाऱ्या पुल्या दिसत होत्या, गाडीमालक काकासाहेबांच्या दाट मिशा हलताना दिसत होत्या. मिशांखालचे ओठ मात्र दिसत नव्हते आणि खरी पंचाईत तिथेच होती.

त्याने काकासाहेबांच्या मागे पाहिलं. दुकानाच्या ओट्यावर त्याची बायको अकबरबी गाड्यांची सीटकव्हरं शिवत बसली होती. तिने मशीन थांबवलं आणि गिऱ्हाइकाचं बोलणं नुसत्या ओठांनी त्याला पुन्हा सांगितलं. आवाज अजून येतोय.

“नवी पुली टाकली ना तुम्ही? मंग अजून कशी वरडून राह्यली, सिराजभाई?” काकासाहेब म्हणत होते. “आमच्या पोरासाठी, कल्याणसाठी पोरगी बघायला चाललो कुंभार पिंपळगावला. गाडी अशी केकाटत दारात गेली तर पाव्हणे म्हणतील, घरातली माणसं बी अशीच असतील.”

तीर्थपुरीत सिराजोद्दीनचं नाव होतं ते कानांमुळे. पेचकसाचं टोक इंजिनवर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि कुठलं बेअरिंग गेलं ते सांगून मोकळं व्हायचं. ते कान गेल्याचं फक्त अकबरबीला ठाऊक होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून दोघांनी दिवस काढले होते. मघाशी बेल्ट उतरवून त्याने सगळ्या पुल्या बोटांनी फिरवून पाहिल्या. पण थंड असताना सगळ्याच शहाण्यासारख्या फिरतात. मग अंदाजाने एक बदलली. अंदाज चुकला. आता काकासाहेबांना कळणार, म्हणजे उद्या बाजारात कळणार. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कोण आणतो?

“बघतो, बघतो,” तो हळूच म्हणाला. स्वतःचा आवाज तेवढा त्याच्या डोक्यात घुमायचा, म्हणून हल्ली तो सगळ्यांशी हळूच बोलायचा.

रस्त्यावरून कापसाने गच्च भरलेला टेम्पो गेला. सिराजोद्दीनसाठी तो झोपेत गेल्यासारखा, बिनआवाजाचा गेला. मागे कापसाचे पुंजके उन्हात तरंगत राहिले, एक अकबरबीच्या ओढणीवर उतरला. त्याचं सगळं जग असंच झालं होतं, जवळ येऊन न बोलता पुढे जाणारं.

एका हातात उजेडाची बॅटरी, दुसरा गाडीवर टेकलेला, म्हणून पेचकसाची मूठ दातांत धरून तो वाकला. टोक अल्टरनेटरच्या अंगाला लागलं.

आणि आवाज आला.

कानांतून नाही, दातांतून आला. जबड्यातून चढत चढत सगळं डोकं भरून गेला. सिराजोद्दीन जागच्या जागी थांबला. त्याने मान जराशी वळवली. टोक नव्या पुलीच्या बोल्टवर आलं, तेव्हा एक गुळगुळीत, लांबच लांब सूर लागला. पलीकडे एसीच्या कॉम्प्रेसरची जाड घुमघुम होती. आपण काय शोधत होतो ते तो विसरला. चांगल्या पुलीत मिस्त्रीने ऐकण्यासारखं काही नसतं, पण तो ऐकत राहिला. डोळे मिटले तसं ऊन, दुकान, काकासाहेब, सगळं लांब गेलं आणि नुसतं ते गुणगुणणं उरलं.

“झोपले का काय हे?” काकासाहेबांनी अकबरबीला विचारलं. ही गोष्ट तिने नवऱ्याला सांगितली नाही.

बेल्ट ताणून धरणाऱ्या पुलीच्या बोल्टवर टोक टेकलं आणि दातांत करकर शिरली, जात्यात खडा आल्यासारखी. सापडली. तरी पेचकस उचलायला त्याचं मन होईना. तो भिकार आवाजही त्याला गोड लागत होता. शेवटी त्याने इंजिन बंद केलं, ती पुली खोलली, दुसरी बसवली, बेल्ट चढवला आणि गाडी चालू करून पुन्हा वाकला. या वेळी करकर नव्हती.

काकासाहेबांच्या मिशा दोन्हीकडे रुंदावल्या. खाली हसू असणार. “आता कसं बराबर!” म्हणत ते गाडीत बसले.

सिराजोद्दीनचं तिकडे लक्षच नव्हतं. दातांत पुन्हा पेचकस धरून तो ओट्याकडे बघत होता. मग पेचकस खाली ठेवून तो सरळ चालत अकबरबीपाशी गेला. काळे हात मागे बांधले, वाकला आणि तिच्या डोक्यावर आपली हनुवटी घट्ट टेकवली.

“कुछ बोल,” तो म्हणाला.

अकबरबीच्या हातातलं कापड तसंच राहिलं. समोर काकासाहेब गाडीची काच खाली करून बघत होते, शेजारचा टपरीवाला बघत होता. “पागल हुए क्या?” ती पुटपुटली. “हटो ना. लोगां देख रहे.”

तिचा तोच जाडसर आवाज हनुवटीतून वर आला, शेवटाला किंचित नाकात जाणारा. तो आवाज असा होता, हे सिराजोद्दीन विसरत चालला होता. त्याचे डोळे भरून आले.

“लोगां देख रहे,” तो तिचेच शब्द म्हणाला, कितीतरी दिवसांनी सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “देखने दे. और बोल.”