अकरा देठ

काडेपेटीत अकरा देठ उभे होते. टाचणीएवढे, वर राखाडी बोंड, आणि प्रत्येक देठ मध्यावर दुभंगलेला. बारावा डॉक्टरांनी काचपट्टीवर फोडून पाहिला होता. त्यांनी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

चिकटबुरशीत असा देठ आजवर कुणी नोंदवलेला नव्हता. नावापुरती ती बुरशी. ओल्या लाकडावर ती इतकी सावकाश सरकते की बघत बसलं तर डोळा लागावा. मग एक दिवस थांबते आणि असे देठ उभे करते. संग्रहालयाच्या या खोलीत डॉक्टर सव्वीस वर्षं तिच्या जाती लावत होते. चार हजार नमुने त्यांच्या हाताखालून गेले होते. दुसऱ्यांनी शोधलेल्या जाती ते नुसत्या नजरेने ओळखत. स्वतःची एकही नव्हती.

समोरच्या स्टुलावर त्यांचा मेहुणा बसला होता. पेशाने सुतार, बायकोचा धाकटा भाऊ. दोन महिन्यांपूर्वी घरी आला तेव्हा डॉक्टरांनीच गंमत म्हणून त्याच्या हातात जुनं भिंग आणि एक चित्रांचं पुस्तक ठेवलं होतं. तेव्हापासून तो आपल्या कारखान्यामागचं कुजकं लाकूड उलटंपालटं करत होता. हा त्याचा तिसरा नमुना. पहिले दोन साधे निघाले, तेव्हा डॉक्टरांनी त्याला अगदी मायेने समजावलं होतं.

"काही खास आहे का, भावोजी?"

"साधीच आहे," डॉक्टर म्हणाले. "ओलीने देठ फाटलेत."

मेहुणा जराही खट्टू झाला नाही, हे त्यांना जास्त लागलं. उलट बरं झालं म्हणाला. ज्यावर हे उगवलं होतं त्या ओंडक्याने चार दिवस वाट अडवली होती. दुपारी भट्टीवाल्याचा टेम्पो यायचा होता, त्यात टाकून देतो. ताईला विचारलंय म्हणून सांगा, असं म्हणून तो गेला. काडेपेटी टेबलावरच राहिली.

डॉक्टरांनी नमुन्यांचा दुसरा डबा उघडला, त्यावरची चिठ्ठी तीनदा वाचली आणि मिटला. या माणसाला बुरशीचं नाव धड घेता येत नव्हतं. 'ती बुळबुळीत' म्हणायचा. दोन महिने. बायको एकेका नातेवाइकाला फोन करून भावाचं कौतुक सांगेल, आणि मग विचारेल, तुम्ही नव्हतं का हो असं काही शोधलं? पण अकरा देठांवर जात मांडता येत नाही. एखाद्या दाण्याला दोन कोंब फुटावेत तशी निसर्गाची चूक म्हणून सगळे सोडून देतील. बाकीचं सगळं त्या ओंडक्यावर होतं.

पावणेतीन वाजले होते. डॉक्टर उठले. जिन्यावर ते चालत होते, रस्त्यावर आल्यावर पळू लागले.

दोन गल्ल्यांपलीकडच्या कारखान्यापुढे टेम्पो अर्धा भरला होता. हमाल फळ्यांचे तुकडे आत भिरकावत होते. डॉक्टर कुणाशी न बोलता फाळक्यावर चढले, गुडघ्यावर बसून तुकडे बाजूला सारू लागले. ओंडका तळाशी सापडला. पोटाशी धरून ते खाली उतरले तेव्हा शर्टाची बटणं तुटली होती आणि हातात लाकडाची कूस रुतली होती.

मेहुणा रंधा हातात घेऊन दारात उभा होता. त्याने हमालाला थांबायला सांगितलं.

"भावोजी, साध्या गोष्टीसाठी कोणी एवढं धावत नाही."

डॉक्टरांनी धाप ओसरू दिली. मग सांगितलं, की ही नवीन जात आहे. ही आजवर कुणी पाहिलेली नाही, त्याच्याशिवाय. आणि आपल्याला हे सकाळीच कळलं होतं.

मेहुण्याने रंधा खाली ठेवला. मग त्याने विचारलं, "मग सांगितलं का नाहीत?"

"मी सव्वीस वर्षं शोधतोय," डॉक्टर म्हणाले.

मेहुण्याने बाकावरचा भुसा हाताने झाडून जागा केली, ओंडका त्यांच्या हातून अलगद घेतला आणि मध्ये ठेवला. दोघे दोन बाजूंना बसले. ओंडक्याच्या खालच्या अंगाला देठांचं रान माजलं होतं, सगळे दुभंगलेले. डॉक्टर मोजू लागले आणि साठाच्या पुढे सोडून दिलं. शंकेला जागा नव्हती. शोध लावणाऱ्याचं नाव कुठे लिहायचं असतं, ते त्यांनी मेहुण्याला नीट समजावून सांगितलं. आवाज कुठेही अडखळला नाही.

मेहुणा मात्र ऐकत नव्हता. तो भिंग डोळ्याला लावून, श्वास रोखून, ओंडक्याच्या चिरेत वाकला होता.

"आणि भावोजी, हा पिवळा?" तो हळूच म्हणाला. "हाही पुस्तकातल्यासारखा वाटत नाही मला."

त्याने भिंग पुढे केलं. डॉक्टरांनी ते लगेच घेतलं नाही.