पायाला हात

डायलिसिसचा तिसरा तास सुरू झाला आणि मालनबाईंच्या पोटरीत गोळा आला. सिस्टर दुसऱ्या पेशंटपाशी अडकलेल्या. शेजारी बसलेल्या जावयानं चादर सारून त्यांचं पाऊल हातात घेतलं.

"पाव्हणं, पायाला नका हात लावू." मालनबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लग्नात याच जावयाचे पाय त्यांनी धुतले होते.

"राहू द्या आता ते," म्हणत त्यानं टाच धरली, पंजा हळूहळू गुडघ्याकडे रेटला आणि पोटरी सैल पडेपर्यंत सोडला नाही.

पुढच्या खेपेला शेजारी लेक बसली होती. गोळा आला, तशी तिनं आईचा पाय धरला आणि जीव खाऊन रेटला. मालनबाईंनी तो सोडवून घेतला.

"तुझ्यानं नाही व्हायचं गं. पाव्हणं बाहेर बसलेत, त्यांना बोलव."