न भांडणारे मासे

"शेपटी फाटलेली नाही, एक खवलाही निघालेला नाही." मावशींनी मेलेला मासा तळहातावर उलटा करून पाहिला. "हा भांडून मेलेला नाही."

समोरचा माणूस कसनुसा हसला. महिन्याभरातली ही त्याची चौथी खेप होती.

मावशींचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. बाजारातल्या मासेवाल्या वेगळ्या, म्हणून लोक यांना 'काचेच्या मावशी' म्हणत. कोणता मासा कोणाशेजारी नांदेल, हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नसे. गिऱ्हाईक आलं की वकिलासारखी उलटतपासणी सुरू. टाकी केवढी? पाणी कोमट की गार? आधीपासून कोण राहतंय? पटलं तर मासा मिळे, नाहीतर हात हलवत परत जावं लागे.

या माणसालाही पहिल्याच दिवशी त्यांनी अडवलं होतं. घरी एंजल मासा होता आणि त्याला हवे होते पट्ट्यापट्ट्यांचे टायगर बार्ब. "ते त्याच्या लांब परांचे लचके तोडतील," असं म्हणून त्यांनी मोली दिले, अगदी गरीब. आठवड्यात सगळे मेले. मग तळाशी निमूट खडे चाळत बसणारे कोरिडोरास दिले. तेही मेले. तिसऱ्या खेपेला एंजलही गेला होता, म्हणून सगळी नवी बिऱ्हाडं दिली. दर वेळी त्याचं तेच आर्जव.

"बायको अंथरुणाला खिळलीय हो. दिवसभर त्यांच्याकडेच बघत असते. मासा मेला की तिला फार लागतं. एकमेकांशी पटवून घेणारे द्या."

मावशींना त्याचं कौतुक वाटे. नवरा असावा तर असा. पण आज त्यांनी पदर खोचला आणि पाणी तपासायची पेटी उचलली.

"चला, तुमची टाकी बघते."

"तुम्ही कशाला त्रास घेता?" तो घाईघाईने म्हणाला.

"माझ्या दुकानातले चौदा मासे गेलेत. त्रास मला होतोच आहे."

घर लख्ख होतं. इतकं लख्ख, की चप्पल कुठे काढावी असा प्रश्न पडावा. आतल्या खोलीत पलंगाला लागून टाकी होती. उशीवर एक पांढराफटक चेहरा होता. वय पस्तिशीचं असेल, पण मनगटं लहान मुलीची. ती मावशींकडे टक लावून बघत राहिली. पापणी लवली नाही.

"तुम्ही बघा, मी हिच्यासाठी सूप आणतो. याच वेळेला देतो मी रोज," म्हणत नवरा स्वयंपाकघरात गेला.

मावशींनी काचेच्या नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले, रंग पाहिला. पाण्यात खोट नव्हती. पंप बुडबुडे सोडत होता. टाकीत एकच गौरामी मासा उरला होता, तोही वरच्या कोपऱ्यात तिरपा होऊन तोंड उघडत होता. मावशींनी बोटं पाण्यात बुडवून नाकाशी नेली. माशाचा वास नव्हता, शेवाळाचा नव्हता. काहीतरी कडवट होतं.

"कालचं आहे ते," पलंगावरून कुजबुज आली. "माझं सूप. मी त्यात ओतते."

मावशी वळल्या. "अगं, औषध असेल त्यात. औषधाने मासे मरणारच."

"औषध कधीच बंद झालंय. सूप नुसतं भाज्यांचं असतं." ती दाराकडे बघत भराभर बोलू लागली. "पहिल्यांदा हात थरथरला आणि सांडलं. दोन तासांत नवे मासे पालथे. तेव्हापासून मी घोटभरही प्यायले नाही. यांनी पाठ फिरवली की मी ओतते. काल भिंत धरून खिडकीपर्यंत चालत गेले, मावशी. सहा महिन्यांत पहिल्यांदा."

मावशींनी दाराकडे पाहिलं. स्वयंपाकघरात चमचा कपात फिरत होता. किणकिण, किणकिण. बराच वेळ.

"कोणाला सांगितलं नाहीस?"

"कोणाला सांगू? फोन त्यांच्याकडे. माणसं ते येऊ देत नाहीत, मला आराम हवा म्हणून." तिने मावशींचं मनगट धरलं. पकड बर्फासारखी होती, पण घट्ट. "रोज ओतत राहिले. मासे मरत राहिले, तर दुकानदार कधीतरी बघायला येईल म्हणून."

किणकिण थांबली.

मावशींनी विचार केला नाही. पांघरूण दूर केलं, तिचा हात स्वतःच्या खांद्यावर घेतला. "ऊठ पोरी. पाय टाक."

ती उठली. दोघी दारापाशी पोचल्या, तेव्हा तो दारात उभा होता. हातात वाफाळता कप. बायकोला पायांवर उभी बघून त्याला नवल वाटलं नाही, आनंदही झाला नाही. दुकानात बोलायचा तसाच तो मऊ आवाजात बोलला.

"कुठे निघालीस? आधी एवढं पिऊन घे."

 मावशींचा आवाज तोच निघाला, उलटतपासणीचा.

"तुम्ही घ्या आधी. एकच घोट."

त्याने कपात पाहिलं. पाहतच राहिला. वाफ विरली, वर पातळ तवंग जमला. मग तो हळूच बाजूला सरला आणि भिंतीला टेकून त्याने दोघींना वाट करून दिली.

"मी नाही घेत," तो म्हणाला. "हे फक्त तिच्यासाठी असतं."