साथीनंतरची चित्रं

"सोपान आला का?" दत्तोबा मास्तरांनी चौथ्यांदा विचारलं.

"न्हाई," चिमाबाई दाराकडे न बघताच म्हणाली.

"अहो, चार वाजता मुंबईचे पाहुणे येणार. प्रदर्शन ह्याचं, आणि हाच गायब?"

"त्याला न्हाई जमायचं मास्तर, मानसांत यायला. तुमी हाय की."

मास्तरांचा राग म्हणजे दुधाची उकळी. उतू जायचा आणि फुंकर मारली की खाली बसायचा. ते लोणावळ्याच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये पुन्हा येरझाऱ्या घालू लागले.

तळेगावच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं चित्रकला शिकवली. शेकडो पोरांनी त्यांच्यासमोर आंबे आणि माठ काढले, पण हातात खरी कला असलेला एकच भेटला, भाजे गावचा सोपान. बाप लवकर गेलेला, आई चिमाबाई दुसऱ्यांच्या खाचरांत राबणारी. शाळा सुटल्यावर पोरगा चिक्कीच्या दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला आणि मास्तरांच्या जिवाला चुटपुट लागून राहिली. निवृत्तीनंतर मास्तर दोन वर्षं नगरला लेकीकडे राहिले. परत आले त्याच आठवड्यात चिमाबाई त्यांच्या दारात उभी राहिली. बरोबर पोत्यात गुंडाळलेले पाटीचे पत्रे.

"सोपानच्या नावानं टांगा कुटंतरी," ती म्हणाली. "लय दिसांची विच्छा त्याची."

मास्तरांनी पोती सोडली आणि बघतच राहिले. अडुसष्टच्या हिवाळ्यात फ्लूची साथ आली होती, तिच्यानंतरचं घर त्या पत्र्यांवर होतं. एकच साचा कापायचा आणि तीच वस्तू पुन्हापुन्हा उठवायची, दर खेपेला नव्या रंगात. खुंटीवरचा एक शर्ट, नऊ वेळा. दवाखान्यातली औषधाची बाटली, बारा वेळा. तिच्या कडेला कात्रीनं कापलेली कागदाची पट्टी, एक खूण म्हणजे एक डोस. रंग मात्र चिक्कीच्या खोक्यासारखे भडक. असलं काही मास्तरांनी उभ्या जन्मात शिकवलं नव्हतं. त्यांनी वाचनालयाच्या चिटणिसांचे उंबरे झिजवून चार दिवसांसाठी हॉल मिळवला आणि दाराबाहेर स्वतःच्या हातानं फलक लिहिला: 'साथीनंतर. चित्रकार सोपान, मुक्काम भाजे.'

पहिल्या दिवशी लोक हसले. हे काय, दुकानाच्या पाट्या भिंतीवर? मग हसणं थांबलं. एक पेन्शनर त्या शर्टासमोर पाऊण तास उभे राहिले आणि डोळे पुसत बाहेर पडले. जाताना प्रत्येक जण विचारायचा, चित्रकार कुठे आहे? कोणी विचारलं की चिमाबाई बाकावरून उठून जवळ जायची, ऐकायची आणि परत येऊन बसायची. रोज भाज्याहून चालत मळवली स्टेशन गाठायची, गाडी धरायची आणि हॉल उघडायच्या आधी पायरीवर हजर. लेकाचं कौतुक कुठल्या आईला नको असतं, असं मास्तर मनाशी म्हणत.

एकदा त्यांना तिच्या नखांत निळा ऑइलपेंट दिसला.

"अजून ब्रश तुम्हीच धुता? फार लाडावून ठेवलंय त्याला."

"रंग बी मीच कालवते," चिमाबाई म्हणाली आणि हात पदराखाली घेतले.

चारच्या ठोक्याला पाहुणे आले. मुंबईच्या एका मोठ्या कलाशाळेत शिकवणारे, जाड चष्म्याचे गृहस्थ. मास्तरांना वाटलं होतं, दहा मिनिटांत चहा घेऊन जातील. ते तासभर एकेक पत्रा बघत फिरले.

"परदेशात ह्याला पॉप आर्ट म्हणतात," शेवटी ते म्हणाले. "पण तिकडचे लोक वस्तूंची थट्टा करतात. हा पोरगा करत नाही." ते बाटल्यांसमोर थांबले. "हे बघा. पहिल्या चार बाटल्यांत औषध एकेक खूण उतरतं, पुढच्या आठांत आहे तिथंच राहतं. रोगी बरा झाला, औषध सुटलं. केवढा आनंद आहे ह्यात!"

चिमाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

पाहुण्यांना ते चित्र मुंबईच्या प्रदर्शनात हवं होतं. पोराला कलाशाळेत जागा मिळवून देण्याचाही त्यांनी शब्द दिला. मास्तरांचा ऊर भरून आला. तीस वर्षांचं चीज झालं, असं त्यांना वाटलं.

"फक्त ह्यावर सही नाही," पाहुणे म्हणाले. "ज्यानं काढलं त्याच्याच हातची लागते, दुसऱ्याची चालत नाही. बोलवा त्याला."

झालं, मास्तरांचं दूध उतू गेलं. "मी आत्ताच भाज्याला जातो आणि कान धरून आणतो. समजतो कोण स्वतःला?"

"नगा जाऊ मास्तर." चिमाबाई उठून उभी राहिली. "त्यो त्याच साथीत गेला. चार डोस घेतलं, पाचवा घेतलाच न्हाई."

मास्तर मटकन बाकावर बसले. "मला सांगितलं का नाहीत?"

"गेल्यापास्नं कुनी त्याचं नाव काडत न्हवतं मास्तर. माज्यासमूर तर न्हाईच. हितं चार दिस समदी इचारत्यात, सोपान कुटं हाय, सोपान कुटं हाय. म्हनलं, आजचा दिस ऱ्हाऊ दे."

मास्तर लहान पोरासारखे रडले. लोक बघत होते, पण त्यांना त्याची शुद्ध नव्हती.

पाहुण्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. ते बाटल्यांकडे बघत होते, एकेक मोजल्यासारखे.

"बाई," ते हळूच म्हणाले, "तो चौथ्या डोसानंतर गेला म्हणता. मग ह्या पुढच्या आठ बाटल्या?"

चिमाबाईनं दोन्ही हात लुगड्याला पुसले आणि ती पत्र्याच्या जवळ गेली.

"ज्यानं काडलं त्याचीच पायजे म्हनला न्हवं," ती म्हणाली. "मला सही येत न्हाई. अंगठा चालंल का?"