चाकाआतली लोकर

नारिनचा घाट उतरून गाड्या धुण्याच्या केंद्रावर आलेल्या त्या गाडीच्या चाकांवरच्या पोकळीत चिखल थापला होता आणि चिखलात लोकर गुंतली होती.

पाण्याचा फवारा रोखत जिरगल हसली. "दादा, कुणाची मेंढी चिरडलीत?"

"मध्येच आली," गाडीवाला म्हणाला. "धुकं होतं."

"मग थांबायचं होतंत ना! जीव जायच्या आत सुरी फिरवली असती तर चार घरांत मटण शिजलं असतं. माझे बाबा तिथेच कळप चारतात, त्यांनीच हलाल करून दिली असती."

"तुझे बाबा?" त्याने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. "चाकांच्या आतून काळं पॉलिश मार. नव्यासारखं दिसलं पाहिजे."

जिरगलने ब्रश घालून लोकरीची बटन् बट ओढून काढली, गटारात सोडली आणि पॉलिशचे दोन हात मारले. काम चोख झालं होतं.

गाडी गेली आणि धाकट्या भावाचा फोन आला.

"ताई, बाबा गेले गं! घाटात गाडीने उडवलं. बराच वेळ जीव होता, पण कुणी थांबलंच नाही." त्याला हुंदका आवरेना. "त्यांच्या मेंढीच्या कातड्याच्या कोटाची अख्खी बाही ओरबाडली गेलीये. पोलीस म्हणतात, चाकात लोकर अडकलेली असणारच. फक्त ती गाडी कुणी धुवायच्या आत सापडायला हवी."